घाम गाळला म्हणजे सराव झाला?

सकाळचे साडेसहा. पुण्यातल्या एका गोल्फ मैदानाची ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे नुसते चेंडू मारून बघण्याची मोकळी जागा. अठ्ठावन्नाव्या वर्षी नुकतेच निवृत्त झालेले एक अधिकारी उभे आहेत. पायाशी शंभर चेंडूंची बादली, हातात सर्वांत लांब काठी, म्हणजे ड्रायव्हर. एक चेंडू, दुसरा, तिसरा... चाळीस मिनिटांत बादली रिकामी होते. शर्ट घामाने भिजतो, मनाला समाधान वाटते: आज चांगली प्रॅक्टिस झाली.

शेजारी चेंडू मांडून देणारा कॅडी बराच वेळ बघत असतो. शेवटी तो विचारतो, "साहेब, हा शेवटचा चेंडू कुठं जायला पाहिजे होता?"

"समोर. अजून कुठे?"

"समोर म्हणजे कुठं? त्या पिवळ्या झेंड्याकडं, का पलीकडच्या झाडाकडं?"

साहेबांकडे उत्तर नसते. कारण चेंडू मारण्यापूर्वी तो कुठे जावा, हे त्यांनी ठरवलेलेच नसते.

असे साहेब कोणत्याही शहरातल्या रेंजवर भेटतात. चार-चार वर्षे नेमाने येतात, पण त्यांचा हँडिकॅप आहे तिथेच राहतो. (हँडिकॅप म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा खेळाडूला साधारण किती फटके जास्त लागतात, त्याचा हिशेब. तो जितका कमी, तितका खेळाडू चांगला.) चार वर्षांत नवीन काही मिळाले असेल, तर ती कंबरदुखी. ती घेऊन ते बाह्यरुग्ण विभागात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, व्यायामच तर करतोय, मग दुखतं का?" खेळ सुधारत का नाही आणि कंबर दुखते का, हे त्यांना दोन वेगळे प्रश्न वाटतात. पण दोन्हींचे मूळ बरेचदा एकच असते: हेतू न ठरवता केलेली पुनरावृत्ती.

मेंदू शिकतो तो चुकीतून

कोणतेही शारीरिक कौशल्य शिकताना माणूस तीन टप्प्यांतून जातो, असे पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. सायकल शिकताना हँडल, पॅडल आणि ब्रेक यांकडे एकाच वेळी लक्ष देताना उडणारी तारांबळ आठवून बघा. दुसऱ्या टप्प्यात चुका कमी होतात, हालचाली जुळून येतात. तिसऱ्या टप्प्यात कृती आपोआप होऊ लागते.

हा तिसरा टप्पा सोयीचा असतो आणि फसवाही. कृती आपोआप होऊ लागली की मेंदू तिच्याकडे लक्ष देणे थांबवतो. काम भागते आहे, मग बदल कशाला? वीस वर्षे गाडी चालवणारा माणूस वीस वर्षांत उत्तम चालक होतोच असे नाही. अनेकदा तो पहिल्या दोन वर्षांचीच सवय पुढची अठरा वर्षे गिरवत असतो. गोल्फच्या रेंजवर हेच घडते. चुकीचा फटका शंभर वेळा मारला, तर चुकीचा फटकाच पक्का होतो.

सुधारणा व्हायची तर मेंदूला चूक दिसावी लागते. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लघुमेंदू या कामात मोठा वाटा उचलतो. हालचालीतून काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, यांची तो तुलना करतो आणि तफावत सापडली की पुढच्या वेळच्या हालचालीत दुरुस्ती करतो. मात्र त्यासाठी 'काय व्हायला हवे होते' हे आधी ठरलेले असावे लागते. लक्ष्यच नसेल तर तफावत कशाची मोजणार? कॅडीचा साधा प्रश्न नेमका इथे बोट ठेवतो.

दहा हजार तासांची गोष्ट

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात होता. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधील पुस्तकाने हा आकडा घरोघर पोहोचवला आणि 'दहा हजार तास केले की कोणीही निपुण' असा सोपा अर्थ लोकांनी काढला. एरिक्सन यांचे म्हणणे तसे नव्हते. त्यांचा भर तासांवर नव्हता, तर सरावाच्या जातीवर होता. नेमके उद्दिष्ट, आपल्या कुवतीच्या किंचित पुढचे काम, पूर्ण लक्ष आणि प्रत्येक प्रयत्नानंतर चूक दाखवणारा आरसा, या चार गोष्टी असतील तरच तो हेतुपूर्वक सराव.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सर्वोत्तम वादक सलग सहा-सात तास घासत बसत नव्हते. ते थोडा वेळ एकाग्रतेने वाजवत, मग विश्रांती घेत, आणि दुपारी झोपही काढत. पुणेकरांना हे वाचून बरे वाटेल. पण त्यामागे शास्त्र आहे. अशी एकाग्रता फार वेळ टिकत नाही, आणि शिकलेले पक्के व्हायला झोपेची मदत होते.

गोल्फमध्ये हा प्रयोग एका माणसाने स्वतःवर करून पाहिला. अमेरिकेत ओरेगन राज्यातील पोर्टलंडचे छायाचित्रकार डॅन मॅकलॉफलिन यांनी एप्रिल २०१० मध्ये नोकरी सोडून गोल्फ शिकायला सुरुवात केली. तेव्हा ते तिशीत होते आणि गोल्फचा म्हणावा असा अनुभव त्यांना नव्हता. दहा हजार तासांचा हेतुपूर्वक सराव केला, तर सामान्य माणूस व्यावसायिक स्पर्धेपर्यंत पोहोचू शकतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी प्रशिक्षक गाठला, एरिक्सन यांचा सल्ला घेतला आणि तासांची नोंद ठेवली.

त्यांची योजना उलट्या दिशेने जाणारी होती. नवशिके सहसा लांब फटक्यापासून सुरुवात करतात. मॅकलॉफलिन यांनी खळग्याच्या अगदी जवळून सुरुवात केली. कित्येक महिने हातात फक्त पटर, म्हणजे हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालण्याची काठी. तिथे जमू लागले की एक पाऊल मागे, मग आणखी मागे. ड्रायव्हर सर्वांत शेवटी. या पद्धतीने काही वर्षांत त्यांचा हँडिकॅप ३ च्या खाली, २.६ पर्यंत आला. बहुसंख्य हौशी खेळाडूंना आयुष्यभरात तिथे पोहोचता येत नाही.

पण दहा हजार तास पूर्ण झाले नाहीत. सुमारे सहा हजार तासांच्या टप्प्यावर, २०१५ मध्ये, पाठीच्या दुखापतीने त्यांना थांबावे लागले.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. योजना असेल तर तिशीत सुरुवात करूनही माणूस खूप पुढे जातो. आणि कितीही चांगल्या योजनेत शरीराचा हिशेब धरावाच लागतो. २०१४ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा खेळाडूंच्या कामगिरीतील फरकांपैकी साधारण १८ टक्केच फरक हेतुपूर्वक सरावाच्या प्रमाणाशी जोडता आला. बाकीच्यात शरीराची ठेवण, आनुवंशिकता, सुरुवातीचे वय, दुखापती असे बरेच काही येते. तेव्हा सरावाने कोणीही विश्वविजेता होत नाही. पण पंचावन्नाव्या वर्षी विश्वविजेता व्हायचेच कोणाला असते? कालच्यापेक्षा आज थोडे बरे खेळावे आणि दुखणे न घेता घरी यावे, एवढे पुरे.

सोपे वाटते ते शिकणे नव्हे

एकच काठी घेऊन एकाच दिशेला तीस चेंडू मारले की दहाव्या चेंडूनंतर फटके सरळ जाऊ लागतात. वाटते, जमले! दुसऱ्या दिवशी मैदानात उतरल्यावर पहिलाच फटका झाडीत जातो. 'रेंजवर येतं, मैदानावर येत नाही' ही गोल्फ खेळणाऱ्यांची जगभरची तक्रार आहे.

तिचे उत्तर बॅडमिंटनच्या एका जुन्या प्रयोगात सापडते. सिना गूड आणि रिचर्ड मॅगिल यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात विद्यार्थिनींना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. एका गटाने एका वेळी एकाच सर्व्हिसचा सराव केला, दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून. तीन आठवड्यांनंतर चाचणी घेतली, तेव्हा मिसळून सराव करणाऱ्या मुली सरस ठरल्या. कोर्टाची बाजू बदलल्यावरही त्यांची सर्व्हिस टिकली.

कारण समजण्याजोगे आहे. एकच फटका पुन्हा पुन्हा मारताना मेंदू मागचेच उत्तर पुढे चालवतो. गणिताच्या वहीत एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्यासारखे ते असते. पाचव्यानंतर डोके वापरावेच लागत नाही. काठी आणि लक्ष्य दर वेळी बदलले, की प्रत्येक फटका नव्याने जुळवावा लागतो. त्यात चुका जास्त होतात, समाधान कमी मिळते, पण शिकलेले टिकते. अगदी नवख्याने आधी एकच फटका थोडा बसवावा हे खरे. ज्याला चेंडू बऱ्यापैकी लागू लागला आहे, त्याने मात्र मिसळूनच सराव करावा.

लक्ष कुठे ठेवावे, हाही प्रश्न आहे. काठी वरून खाली चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात 'कोपर सरळ, मनगट घट्ट, डोके खाली' या सूचना मनात पूर्णही होत नाहीत. गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांना गोल्फचा छोटा फटका शिकवताना एका गटाला हातांच्या हालचालीकडे, तर दुसऱ्या गटाला काठीच्या झोक्याकडे लक्ष द्यायला सांगितले. काठीकडे लक्ष देणारे अधिक अचूक ठरले. शरीराला काय साधायचे ते सांगावे आणि कसे साधायचे ते बरेचसे त्याच्यावर सोडावे, असा याचा अर्थ.

आधी मोजा, मग मारा

कशाचा सराव करायचा हे मनाला विचारले, तर मन नेहमी आवडीचाच फटका सांगते. म्हणून ते वहीला विचारावे. गोल्फमधील आकडेवारीचे अभ्यासक, कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासल्या. अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून चेंडू खळग्यात घालताना साधारण निम्म्या वेळाच यशस्वी होतात, असे त्यात दिसले. हौशी खेळाडूसाठी निम्म्या यशाचे अंतर पाच फुटांच्या आसपास येते. दहा फुटांवरून चुकल्यावर स्वतःवर चिडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अपेक्षा वास्तव असेल तर चिडचिड कमी होते आणि लक्ष कामावर राहते.

ब्रॉडी यांच्या विश्लेषणाची दुसरी बाजूही आहे. चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्यातील फटक्यांच्या फरकात मोठा वाटा लांबून मारलेल्या फटक्यांचा असतो. म्हणजे फक्त पटिंग करूनही भागत नाही. पण बलस्थान प्रत्येकाचे वेगळे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक हिचे लांब फटके इतरांच्या तुलनेत आखूड पडत होते. काही काळापूर्वीच तिला करोना होऊन गेला होता. तरीही अचूक पटिंगच्या जोरावर ती चौथी आली. पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. आपले कुठे जाते आणि कुठे राहते हे ठाऊक असणे महत्त्वाचे.

एका तासाचा साधा आराखडा

पहिल्या तीन खेळांत फक्त नोंद करा. पहिला फटका किती वेळा भलतीकडे गेला? हिरवळीवर एकूण किती फटके लागले? पाच-सहा फुटांवरून किती चुकले? जिथे सर्वांत जास्त फटके वाया जातात, ते पुढच्या चार आठवड्यांचे काम. ते आकड्यात लिहा. 'पटिंग सुधारायचे' हे उद्दिष्ट झाले नाही. 'सहा फुटांवरून दहापैकी तीन जातात, पाच जायला हवेत' हे झाले.

मग एका तासाची वाटणी करा. पहिली दहा मिनिटे अंग मोकळे करण्यासाठी. पुढची वीस मिनिटे ठरवलेल्या एका कामासाठी, पण दर वेळी थोडी जागा बदलून. त्यानंतरच्या वीस मिनिटांत पंचवीस-तीस चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला वेगळी काठी, वेगळे लक्ष्य. मारण्यापूर्वी लक्ष्य मनात किंवा मोठ्याने उच्चारा, आणि मारल्यावर चेंडू कुठे थांबला ते बघा. शेवटच्या दहा मिनिटांत दहा चेंडूंची परीक्षा घ्या आणि गुण वहीत लिहा.

सर्वांत प्रामाणिक परीक्षा मात्र दोन-तीन दिवसांनी होते. पुढच्या खेपेला हात बसण्याआधीच तीच चाचणी द्या. सरावाच्या अखेरीचे गुण त्या दिवसाचे असतात. दोन रात्री झोपून उठल्यावर जे उरते, ते तुमचे. आठवड्यातून एक मोठी बादली मारण्यापेक्षा तीन वेळा असा एकेक तास अधिक फळ देतो.

कंबरेचा हिशेब

गोल्फ हा संथ खेळ आहे हे अर्धेच खरे. चालणे संथ असते, फटका नव्हे. काही मोजमापांत फटक्याच्या क्षणी कमरेच्या मणक्यांवर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट आढळला आहे. शिवाय कमरेच्या मणक्यांची रचना वाकण्यासाठी चांगली असली, तरी पिळण्यासाठी नाही. फटक्यातला पीळ खुबे आणि छातीच्या भागातला कणा यांनी द्यायचा असतो. वर्षानुवर्षे खुर्चीत बसून खुबे आखडलेले असतील, तर तो भार कंबर उचलते. हौशी खेळाडूंच्या दुखापतींत कंबर आघाडीवर असते, त्याखालोखाल कोपर आणि मनगट येतात. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला तर 'गोल्फर्स एल्बो' असे नावच पडले आहे.

म्हणून गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर हातात घेऊ नये. पाच मिनिटे भरभर चालावे, खुबे आणि खांदे फिरवावेत, काठी न आपटता हवेत हळूहळू झोके द्यावेत, मग छोट्या काठीने सुरुवात करावी. पन्नाशीनंतर एका बैठकीत चाळीस-पन्नास पूर्ण फटके पुरेसे आहेत. आठवड्यातून दोन दिवस मांड्या, पोट आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. दुखत असताना पट्टा बांधून फटके मारत राहणे, हा उपाय नव्हे.

कमरेची कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा जोर कमी वाटत असेल, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खेळताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, दम लागणे, गार घाम असे काही झाल्यास 'पित्त असेल' म्हणत उरलेले होल पूर्ण करत बसू नये.

एवढे सांभाळले, तर हा खेळ उतारवयाला मानवणारा आहे. अठरा होलचा एक खेळ म्हणजे सहज सात-आठ किलोमीटरची चाल होते, अट एकच: गाडीत बसून मैदान फिरायचे नाही.

मैदानापलीकडे

ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही, त्यांनाही हे सारे लागू पडते. पक्षाघातानंतर हात पुन्हा शिकवताना भौतिकोपचारतज्ज्ञ याच नियमांचा आधार घेतात. नुसता हात पन्नास वेळा वर-खाली करण्यापेक्षा समोरचा पेला उचलून ओठांपर्यंत नेणे, मग तो थोडा दूर ठेवून पुन्हा उचलणे, मग पेल्याऐवजी वाटी घेणे, याने हात कामाचा होतो. तिथेही लक्ष्य ठरलेले असते, काम किंचित अवघड होत जाते आणि चूक लगेच दिसते. नातेवाईक कळकळीने सांगतात, "बाबा, अजून पन्नास वेळा करा." त्याऐवजी "बाबा, हा पेला या टोकावरून त्या टोकावर ठेवा बघू" असे म्हटले, तर कळकळ तीच राहते आणि उपयोग जास्त होतो.

रेंजवरच्या साहेबांनी पुढच्या आठवड्यात तीसच चेंडू घ्यावेत. पहिला चेंडू मांडला की कॅडीने विचारण्याआधी आपणच सांगावे, "हा पिवळ्या झेंड्याच्या डावीकडे." चेंडू उजवीकडे गेला तर गेला. आता निदान चूक झाली हे कळले, किती झाली हेही कळले. घाम थोडा कमी येईल. पण घरी जाताना सांगण्यासारखे काहीतरी शिकलेले असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना कमरेवर हात ठेवावा लागणार नाही.